चौथीतली मुले, लवणासुर आणि ‘ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्याजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवता. वर्गात चाळीसच्या आसपास मुले आहेत. दिवाळीच्या सुटीसाठी तुम्ही ‘आपल्या भागातील एक पारंपरिक कथा शोधा आणि आपल्या शब्दांत लिहा’ असा प्रकल्प दिला आणि सुटीनंतर हाती आले ते संगणकावरून छापून आणलेले, एकमेकांशी शब्दशः जुळणारे कागद. शिवाय दोन पालकांची तक्रार आली. एकाचे म्हणणे असे की शाळेने भाकडकथांत वेळ घालवू नये, तर दुसऱ्याचे असे की देवादिकांच्या गोष्टी मुलांना ‘आपल्या शब्दांत’ लिहायला लावणे योग्य नाही. मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत आणि या वयात ‘संशोधन’ हा शब्द वापरावा तरी का, असे तुम्ही विचारले आहे.

पुस्तकांविषयी पुढे लिहितेच, परंतु माझ्या मते खरी अडचण पुस्तकांची नाही. ‘कथा शोधा’ या सूचनेत शोधण्याजोगे काही उरतच नाही. होळीची एक गोष्ट सापडली की शोध तिथेच संपतो, आणि मग ती उतरवून काढण्याखेरीज मुलाने करायचे तरी काय? नऊ वर्षांच्या मुलाला संशोधन करता येते, मात्र त्यासाठी त्याला असा प्रश्न हवा की ज्याचे तयार उत्तर कुठल्याही एका पानावर मिळणार नाही. पारंपरिक कथांच्या बाबतीत असा प्रश्न मला एकच सापडला आहे आणि तोच मी आलटून पालटून वापरते: ही गोष्ट वेगवेगळी माणसे वेगवेगळी कशी सांगतात, आणि फरक नेमका कुठे पडतो? दोन कथनांतला फरक पकडणे हे मुलाचे संशोधन, आणि त्या फरकांतून आपण काय ठेवले व काय सोडले हे सांगत गोष्ट पुन्हा उभी करणे हे त्याचे पुनर्कथन. बाकीचे सगळे नियोजन यातूनच निघते.

हे सगळे परिस्थितीवर पुष्कळ अवलंबून आहे, हे आधीच सांगते. मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तिसरी ते पाचवीच्या वर्गांना शिकवत आले आहे. आमच्याकडे बहुतेक मुलांची आजी घरातच असते, देऊळ हाकेच्या अंतरावर असते आणि गावच्या यात्रेची गोष्ट चार तोंडांनी ऐकायला मिळते. तुमच्या वर्गातल्या किती मुलांचे आजी-आजोबा त्यांच्याजवळ राहतात, मला ठाऊक नाही. उलट तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे कधीच नव्हते: पुण्याच्या आसपास कामानिमित्त आलेली कुटुंबे कोकणातली, मराठवाड्यातली, विदर्भातली, सोलापूरकडची, काही कर्नाटकातली आणि उत्तर भारतातलीही असतील. एकाच सणाच्या पाच तऱ्हा तुमच्या वर्गात आयत्या बसलेल्या आहेत. तिसरीच्या वर्गाला दोन कथनांची तोंडी तुलना पुरते. चौथीला लेखी नोंद झेपते. छापील मजकूर आणि घरी ऐकलेली गोष्ट शेजारी ठेवून पाहण्याचे काम मी शक्यतो पाचवीसाठी राखते, पण वाचन चांगले असेल तर चौथीतही ते होते.

कथा निवडताना मी लांबी पाहते आणि जागा पाहते. रामायण किंवा महाभारत ‘शोधायला’ देऊ नये, कारण त्यातून मूल बाहेरच येत नाही. कथा पाच-सहा घटनांत संपणारी असावी आणि तिचे टोक कशाला तरी बांधलेले असावे, म्हणजे एखाद्या डोंगराला, कुंडाला, झाडाला, सणाला किंवा रूढीला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर का उगम पावते याची गौतम ऋषी आणि गायीची कथा अशी आहे. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलापासून वेगळे का, याची रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीची कथा अशी आहे, आणि विठोबा विटेवर का उभा याची पुंडलिकाची कथाही अशीच आहे. या शेवटच्या दोन कथा एकाच देवाला पंढरपुरात आणण्याची दोन निरनिराळी कारणे देतात. एकीत तो बायकोची समजूत काढायला येतो, तर दुसरीत भक्ताची आई-वडिलांची सेवा पाहायला येतो. मोठ्यांना हे ऐकून ऐकून अंगवळणी पडलेले असते. मुलांना मात्र ‘मग देव नक्की कशासाठी आला?’ हा प्रश्न लगेच पडतो, आणि तुम्हाला हवा असलेला संशोधनाचा प्रश्न तोच आहे.

तुमच्या मिश्र वर्गासाठी पहिला विषय म्हणून मी डोळे झाकून होळी सुचवीन. होळी का पेटवतात याच्या निदान तीन कथा प्रचलित आहेत. प्रल्हाद आणि होलिका ही सर्वांना ठाऊक असते. दुसरी ढुंढा राक्षशिणीची, जी लहान मुलांना छळते आणि जिला लोक अग्नी पेटवून, आरडाओरडा करून, बोंबा मारून पळवून लावतात. शिमग्याला बोंब का मारतात याचे उत्तर प्रल्हादाच्या कथेत मिळत नाही, या कथेत मिळते. तिसरी शंकराने मदनाला जाळल्याची, जी दक्षिणेकडे अधिक सांगितली जाते. काही घरांत पूतनेचे नावही ऐकू येते. मुलांना फक्त एवढेच सांगून घरी पाठवावे की ‘होळी का पेटवतात, असे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून या, आणि पुस्तक किंवा मोबाईल उघडू नका’. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उत्तरांची गर्दी होते आणि छापील कागदाचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण छापून आणण्यासारखे काही विचारलेलेच नसते. मदनदहनाची कथा चौथीत किती खोलात न्यावी हे तुम्ही ठरवा. ‘शंकराची समाधी मोडली म्हणून त्याला राग आला’ एवढ्यावर माझे काम भागते.

आता माणसांकडून गोष्ट मिळवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळे काम इथेच घडते किंवा बिघडते. मुलाच्या हाती मी वहीच्या पानाच्या चौथ्या भागाएवढी चिठ्ठी देते. तिच्यावर चार प्रश्न असतात. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? ती केव्हा आणि कुठे सांगतात? गोष्टीत पुढे काय झाले? हीच गोष्ट कोणी वेगळी सांगितलेली ऐकली आहे का? पहिला प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे. ‘गोष्ट सांगा’ म्हटले की आजी ‘मला कुठली येते बाई गोष्ट’ म्हणून उठून जाते, पण ‘तुम्हाला कोणी सांगितली?’ असे विचारले की तिला तिची आई, माहेर, जाते, शेजारची काकू असे सगळे आठवते आणि गोष्ट मागोमाग येते. दुसऱ्या प्रश्नामुळे मुलाला कळते की काही गोष्टी वाटेल तेव्हा सांगत नाहीत. श्रावणातल्या कहाण्या त्या त्या वारी, पूजेनंतर, हातात तांदळाचे दाणे घेऊन ऐकायच्या असतात; देवीचा गोंधळ किंवा खंडोबाचे जागरण हा तर रात्रभराचा मामला असतो. गोष्टीचा प्रसंग टिपणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि तो मुले फार बारकाईने करतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिले होते, ‘इथे आजी थांबली, हात जोडले आणि मग पुढे बोलली.’ मी तिला तसे लिहायला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून चिठ्ठीवर ‘सांगताना काय केले?’ अशी एक रिकामी ओळ मी ठेवू लागले.

ज्या मुलांच्या घरी सांगणारे कोणी नसेल, त्यांना वगळल्यासारखे वाटता कामा नये. शाळेतल्या मदतनीस मावशी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आजी, गावी असलेले आजोबा फोनवर, असे कोणीही चालतात. एखाद्या शनिवारी दोन आजींना वर्गात बोलावून एकच गोष्ट एकीमागून एक सांगायला लावावी. दुसरीला आधी बाहेर बसवावे, नाहीतर ती पहिलीचीच री ओढते किंवा मध्येच ‘असं नाही गं’ म्हणून भांडण काढते. ते भांडणही खरे तर उपयोगाचे असते, पण वर्ग आवरायचा असतो.

लिखित साधनांकडे मी दुसऱ्या टप्प्यावर वळते. मुलांना थेट वाचता येतील अशा देवळाबाहेर मिळणाऱ्या छोट्या माहात्म्य-पुस्तिका किंवा सोप्या भाषेतले कथासंग्रह, आणि मी स्वतः वाचून सोपा उतारा करून द्यायचा असा मजकूर, असे त्याचे दोन भाग पडतात. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर सहज उघडतो. पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश बऱ्याच तालुका वाचनालयांत असतो आणि त्यात गावे, दैवते, व्रते यांच्या कथा नोंदवलेल्या आहेत. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश एखादे नाव कोणकोणत्या ग्रंथात येते हे पाहायला उपयोगी पडतो. जुन्या जिल्हा गॅझेटिअरांत तीर्थस्थानांच्या दंतकथा बऱ्याचदा दिलेल्या असतात. यांतले काहीही चौथीच्या मुलाच्या हाती जसेच्या तसे देऊ नका. दहा ओळींचा उतारा करा आणि खाली ‘कुठून घेतले’ ही एक ओळ लिहा. ही ओळ तुम्ही लिहिलेली मुले पाहतात, म्हणून पुढे तीही लिहितात. स्त्रियांच्या तोंडच्या कथा हव्या असतील तर जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहे. त्यात वनवासातल्या सीतेविषयीच्या ओव्या आहेत आणि त्यांतले दुःख छापील बालरामायणांत सापडत नाही.

मोबाईलवरचा शोध आणि चित्रफिती मी बंद करत नाही, पण सर्वांत शेवटी आणते आणि त्यांनाही ‘सांगणारा’ मानते. म्हणजे तोच पहिला प्रश्न त्यांनाही लागू: ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? बहुतेक पानांवर याचे उत्तर नसते, हे मुलांच्या लक्षात येते तेव्हा त्यांना जी गंमत वाटते ती व्याख्यान देऊन निर्माण करता येत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्या जिल्ह्यातलेच आहे, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. लोणारच्या सरोवराची कथा आमच्याकडे अशी सांगतात: लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात राहून लोकांना त्रास देत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्या दैत्याच्या बहिणींना मोहवले, त्यांच्याकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्याला मारले. बीळ म्हणजे आजचे सरोवर; खारे पाणी म्हणजे त्याचे रक्त. ज्या रूपाने विष्णूने हे केले त्याचे, दैत्यसूदनाचे, कोरीव देऊळ गावात उभे आहे. आता पाचवीच्या मुलांनी मोबाईलवर ‘लवणासुर’ शोधले की त्यांना हमखास दुसरीच कथा मिळते: मधू दैत्याचा मुलगा लवण, शंकराचा शूल, आणि त्याला मारणारा रामाचा भाऊ शत्रुघ्न. ती कथा रामायणाच्या उत्तरकांडातली आहे आणि ती घडते मथुरेच्या बाजूला. नाव तेच, दैत्यही तसाच, पण गाव वेगळे, मारणारा वेगळा आणि मारण्याची रीतही वेगळी. काही मुले दोन्ही एकत्र करून शत्रुघ्नाला लोणारला आणतात. अशा वेळी मी ‘चूक’ असे म्हणत नाही. फळ्यावर दोन रकाने आखते आणि विचारते की दैत्य राहतो कुठे, त्याला मारतो कोण, कशाने मारतो, शेवटी मागे काय उरते. चौथ्या ओळीवर आले की मुले स्वतःच थबकतात, कारण मथुरेच्या कथेत शेवटी सरोवर उरत नाही. आपल्याकडची कथा सरोवरासाठी सांगितलेली आहे, हे ती आपल्या आपण म्हणतात. चौथीच्या पातळीवर साधनांची तपासणी याहून वेगळी काय असते?

हेच उदाहरण तुमच्या पहिल्या पालकांच्या आक्षेपालाही उपयोगी पडते. लोणारचे विवर अशनी आदळल्यामुळे बेसाल्ट खडकात तयार झाले आहे, त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे, हे मी त्याच आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवते आणि मुलांचा काही गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो आपण कथेला ‘जुन्या लोकांचे चुकीचे विज्ञान’ म्हणून सांगतो तेव्हा, किंवा त्याउलट कथेत अशनी शोधून काढून ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणतो तेव्हा. दुसरा मोह अलीकडे फार वाढला आहे आणि तो मला पहिल्याहून अधिक घातक वाटतो. विवर कसे झाले हा एक प्रश्न. या विवराच्या काठी राहणाऱ्या माणसांनी त्याच्याविषयी काय सांगितले हा दुसरा. वहीत ते दोन वेगळ्या पानांवर लिहायचे. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावातल्या काहींना लवणासुराचे रक्त आठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्यानंतरच्या वर्गांना ही दोन पाने समजावून सांगण्यासाठी मला वेगळे काही करावे लागले नाही.

‘बाई, मग खरी गोष्ट कोणती?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर टाळू नये. मी दोन गोष्टी सांगते. एक, जुनी कोणती आणि नवी कोणती हे शोधता येते, आणि मोठी माणसे ते काम आयुष्यभर करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातली हस्तलिखिते ओळीला ओळ लावून तपासून ते 1966 मध्ये पूर्ण झाले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही आपल्या सर्वांच्या आवडीची गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, कारण ती मागाहून आली असावी असे संपादकांना हस्तलिखितांवरून दिसले. हे ऐकून मुले चकित होतात, काही नाराजही होतात. तेव्हा मी दुसरी गोष्ट सांगते: नंतर आलेली गोष्ट खोटी ठरत नाही. लोकांना ती आवडली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. कोणती खरी याचा निकाल वर्गात लावायचा नसतो. कोण सांगते, कुठे सांगते आणि कशासाठी सांगत असेल एवढे शोधायचे असते.

आता पुनर्कथन. ‘आपल्या शब्दांत लिहा’ म्हटल्याने मूल आपल्या शब्दांत लिहीत नाही. समोर मजकूर उघडा असेल तर त्यातलाच एखादा शब्द बदलून ते पुढे सरकते. म्हणून मी मध्ये दोन टप्पे घालते आणि लेखन सर्वांत शेवटी ठेवते. पहिल्या टप्प्यात चिठ्ठ्या आणि उतारे गोळा करून कपाटात ठेवते आणि प्रत्येकाला एका कागदाला घड्या घालून सहा चौकटी करायला सांगते. प्रत्येक चौकटीत एक चित्र काढायचे, अक्षर एकही लिहायचे नाही. सहा चौकटींत गोष्ट बसवताना मुलाला निवड करावीच लागते. दुसऱ्या टप्प्यात तो कागद हातात धरून जोडीदाराला गोष्ट सांगायची, मग जोडीदार बदलून पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेपर्यंत वाक्ये मुलाची स्वतःची झालेली असतात, आवाज बदललेला असतो, दैत्य घोरू लागलेला असतो. त्यानंतरच वही उघडायची. वेळेचा तुटवडा असेल तर लेखन गाळा, पण तीन वेळा सांगणे गाळू नका.

किती बदल करू द्यावा, हा तुमच्या दुसऱ्या पालकांच्या आक्षेपामागचा खरा मुद्दा आहे आणि तो मला रास्त वाटतो. मंडप कसा सजवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण खांब काढले तर मंडप खाली बसतो, असे मी मुलांना सांगते आणि आधी आपण सगळे मिळून खांब शोधतो. लोणारच्या कथेत जमिनीखालचा दैत्य, उडवलेले झाकण आणि मागे उरलेले खारे पाणी हे तीन खांब आमच्या वर्गाने ठरवले. बहिणींना खांब म्हणायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. मुलींचे म्हणणे पडले की त्यांनी सांगितले नसते तर विष्णूला बीळ सापडलेच नसते, म्हणून त्याही राहिल्या. खांब ठरले की बाकी सगळे मोकळे: गोष्ट कोणी सांगायची, कुठून सुरू करायची, कोण काय बोलते. एका मुलाने गोष्ट झाकणाच्या तोंडून सांगितली. तिची सुरुवात अशी होती: ‘मी दगडाचे झाकण आहे. माझ्या खाली कोण झोपले आहे ते मला माहीत आहे, पण मला कोणी विचारत नाही.’ देवाचा अपमान करणारे यात काय आहे? उलट मूळ कथा पूर्ण ठाऊक असल्याखेरीज असे लिहिताच येत नाही. प्रत्येक पुनर्कथनाच्या शेवटी दोन ओळी सक्तीच्या असतात: ‘ही गोष्ट मला अमक्यांनी सांगितली’ आणि ‘यातला हा भाग मी घातला’. दुसऱ्या ओळीमुळे पालकांची काळजी बहुतांशी मिटते, कारण परंपरेने काय दिले आणि मुलाने काय जोडले हे उघड्यावर असते, आणि मुलालाही आपण काय केले याचा हिशेब द्यावा लागतो.

वर्गातली सगळी घरे एकाच श्रद्धेची नसतात, हा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या शाळेत तो येईलच. बौद्ध घरातल्या पालकांना पुराणातल्या देवदैत्यांच्या कथा मुलाने गोळा कराव्यात हे नको असेल, तर ते कारण विचारत बसू नये. जातककथा याच पद्धतीने शोधता आणि सांगता येतात, आणि एकच जातककथा दोन पुस्तकांत ताडून पाहणे हे उत्तम काम आहे. मुस्लीम घरातली मुले गावच्या पीराची किंवा दर्ग्याची हकीकत आणतात, आणि पुष्कळदा तीच हकीकत शेजारचे हिंदू आजोबाही सांगतात. वसईकडच्या मुलाकडे चर्चच्या सणाची गोष्ट असेल, आणि डहाणू-जव्हारकडच्या वारली घरातले मूल लग्नचौकातल्या पालघाट देवीविषयी सांगू शकेल. म्हणून प्रकल्पाचे शीर्षक ‘देवांच्या कथा’ असे देऊ नये. ‘आमच्याकडे सांगतात ती गोष्ट’ एवढे पुरे. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. काही स्थलकथा अमुक जात कशी निर्माण झाली किंवा अमक्यांना मान का आहे असे सांगतात. परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवल्याच्या कथेचेही असे फाटे आहेत. बाण की परशू, आणि बाण गोव्यात बाणावलीला पडला की आणखी कुठे, एवढा भाग मुलांसाठी पुष्कळ आहे आणि त्याचीच भावंडे केरळात सापडतात. त्यापुढचा फाटा मी चौथीत उघडत नाही. कोणा मुलाने तशी कथा आणलीच, तर ती वर्गासमोर वाचण्याआधी मी स्वतः पाहते.

मूल्यमापनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शुद्धलेखन आणि हस्ताक्षर मी या कामात तपासत नाही, त्यासाठी इतर वह्या आहेत. मुलाने सांगणाऱ्याचे नाव आणि प्रसंग नोंदवला का, दोन कथनांतला निदान एक फरक स्वतः पकडला का, आणि कागद न पाहता गोष्ट अखेरपर्यंत सांगितली का, एवढेच पाहते. तिसऱ्या गोष्टीसाठी परिपाठाचा वेळ वापरावा, रोज दोघे, म्हणजे तास मोडत नाही.

वेळापत्रकाची घडी साधारण अशी बसते. पहिल्या आठवड्यात वर्गाची एकच सामाईक कथा, म्हणजे तुमच्याकडे होळी, घरी विचारणे आणि फळ्यावर फरकांचे रकाने. दुसऱ्या आठवड्यात गटागटाने आपापल्या कथा, चार प्रश्नांच्या चिठ्ठ्या आणि तुम्ही केलेला एकेक उतारा. तिसऱ्यात चौकटी, तीनदा सांगणे आणि लेखन. चाळीस मुलांना चाळीस कथा देऊ नका. आठ गटांना आठ कथा पुरेत, कारण एका कथेची पाच कथने गटात आली की तुलना करायला काहीतरी हाती लागते. दिवाळीच्या सुटीऐवजी हे काम सुटीनंतर घ्यावे, आणि सुटीत फक्त चिठ्ठी द्यावी, म्हणजे गावी गेलेली मुले ती भरून आणतात.

राहिला प्रश्न आधीच आलेल्या त्या छापील कागदांचा. ते परत करू नका आणि मुलांना रागावूही नका. त्यातले एकाच कथेचे दोन कागद निवडा, वर्गाला वाचून दाखवा आणि दोघांपैकी पहिल्यांदा कोणी लिहिले असेल ते शोधायला सांगा. उद्याच्या तासाला तुमच्याकडे तेवढे साहित्य तयार आहे.